चुकून गेलेला माल

धक्केबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की चूक झाली हे कबूल, पण ती अतिशय व्यवस्थित झाली. एकही टोपली वाकडी लागली नव्हती, एकही गाठ सैल नव्हती, बोट वेळेवर सुटली होती. बेटावरून जनावरांची पाठवणी इतक्या शिस्तीत आजवर कधी झाली नव्हती. फक्त जी जायची ती राहिली आणि जी राहायची ती गेली. आता एवढ्यातेवढ्यावरून माणसाला किती बोलायचं, याला काही धरबंध?

धक्केबाईंची उभी हयात धक्क्यावर मालतपासनीस म्हणून गेली होती. बोटीत काय चढवायचं, काय अडवायचं, हे सगळं त्यांच्या उजव्या भुवईवर चालायचं. भुवई वर गेली की हमाल उचललेलं पोतं मुकाट्यानं खाली ठेवायचे. निवृत्त झाल्यावर भुवई राहिली, पोती गेली. मग सकाळी धक्क्याकडे तोंड करून चहा प्यायचा आणि नव्या तपासनिसाच्या चुका घरबसल्या काढायच्या, एवढंच उरलं. ऐकायला घरात एक नवरा. ते घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, आणि माणूस असा, की सकाळी एकदा 'हं' म्हणाले की तेच संध्याकाळपर्यंत पुरवायचे.

अशा वेळी जनावरांच्या डॉक्टरीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "बाई, तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार नाही," तर कोण नाही म्हणेल?

डॉक्टरीणबाई बेटावरचा प्राण्यांचा आसरा चालवत. पूर्वी तो बर्फाचा कारखाना होता. बर्फ गेला, गारठा तेवढा राहिला, आणि त्या गारठ्यात टाकलेली, हरवलेली, लंगडी, खरुजलेली अशी सगळी जनावरं येऊन राहिली. तसं बेटावर भटकं कुत्रं म्हणून नसतंच. जे दिसेल त्याला सकाळी बेकरीच्या मागे एक नाव असतं, दुपारी शाळेपाशी दुसरं आणि संध्याकाळी धक्क्यावर तिसरं. खायला घालायला तीन मालक आणि सुई टोचायची म्हटली की एकही नाही. बेट लहान, जनावरं फार. म्हणून ज्यांना खरोखरच कुणी नाही ती डॉक्टरीणबाई बोटीनं पलीकडे, मोठ्या गावातल्या केंद्रात पाठवत. तिथे घरं वाट बघत असायची. आता पलीकडेच राहणाऱ्या त्यांच्या बहिणीचं बाळंतपण अडलं होतं, त्यांना लगेच निघायचं होतं, आणि पुढच्या बोटीला पाठवणी होती.

"काही विशेष नाही," डॉक्टरीणबाई पिशवीत कपडे कोंबत म्हणाल्या. "फिती बांधून ठेवल्यात सगळ्यांच्या गळ्यात. लाल आणि हिरव्या. कुणी चढायचं, कुणी राहायचं, ते रंगावरून कळेलच."

"मला लाल-हिरवं शिकवू नका, डॉक्टरीणबाई," धक्केबाई म्हणाल्या. "तुम्ही बाळंतपणाचं बघा."

इथेच सगळं संपलं होतं, पण दोघींनाही ते कळलं नाही. धक्क्यावर लाल फीत म्हणजे 'अडवा' आणि हिरवी म्हणजे 'चढवा', हे धक्केबाईंच्या रक्तात भिनलेलं होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. आणि डॉक्टरीणबाईंच्या आसऱ्यात हिरवी फीत म्हणजे घरचं जनावर, औषधाला आलेलं, बरं झालं की घरी जाणारं. आणि लाल म्हणजे याला कुणी नाही, याला पलीकडे धाडा. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या. दोन बरोबर माणसं एकत्र आली की जेवढं वाटोळं होतं, तेवढं एका चुकीच्या माणसाच्यानं होत नाही.

बातमी पसरायला बेटावर वेळ लागत नाही, कारण पसरायला जागाच कमी. तासाभरात सल्लागार हजर. हेडमास्तर म्हणाले, "आधी जड जनावरं चढवा, मग हलकी. मी शाळेची सहल नेहमी तशीच चढवतो."

बेकरीवाली म्हणाली, "आणि बाई, पोटभर खायला घालून पाठवा हो. उपाशी पोटी प्रवास वाईट."

"काहीतरीच!" हेडमास्तर म्हणाले. "खाऊन बोटीत बसलं की काय होतं, ते मी दर सहलीला बघतो. उपाशी ठेवा."

धक्केबाईंनी कुणालाच दुखवायचं नाही म्हणून अर्ध्या जनावरांना खाऊ घातलं आणि अर्ध्यांना नाही. कोणत्या अर्ध्यांना ते नंतर त्यांच्याही लक्षात राहिलं नाही, त्यामुळे काही कुत्री दोनदा जेवली.

आता मांजराचं सांगायला हवं, कारण सगळं पुढचं महाभारत त्या मांजरापायी.

घड्याळजींकडे एक राखाडी मांजर होती. तिचं नाव बाईसाहेब. ती दुकानाच्या काचेत, दुरुस्तीला आलेल्या घड्याळांच्या मधोमध, स्वतःही दुरुस्तीला आल्यासारखी पडून असायची. धक्केबाई आणि बाईसाहेब यांचे संबंध सवतीसारखे होते म्हणावं, तर सवती निदान भांडतात. बाईसाहेब धक्केबाईंकडे बघायची आणि पाठ वळवून शेपटी उभारून चालती व्हायची. जिच्या भुवईवर अख्खा धक्का हलायचा, तिला रोज घरात एका मांजराची पाठ बघावी लागायची. म्हणून बाई रोज सकाळी दुकानाची पायरी झाडताना मोठ्यानं म्हणायच्या, "एक दिवस हिला बोटीत घालून पलीकडे पाठवणार आहे मी!" हे वाक्य बेकरीवालीनं ऐकलेलं होतं, हेडमास्तरांनी ऐकलेलं होतं, शाळेत जाणाऱ्या पोरांना तर ते पाठ होतं.

त्याच आठवड्यात बाईसाहेबांचा कान वाहायला लागला. डॉक्टरीणबाईंनी निघण्याआधी तिला औषधासाठी आसऱ्यात ठेवून घेतलं आणि गळ्यात फीत बांधली. अर्थातच हिरवी.

पाठवणीच्या सकाळी धक्केबाई कारखान्यात पोचल्या तेव्हा घड्याळजी तिथे आधीच उभे होते. हातात एक लहानशी उशी.

"हिला ही लागते," ते म्हणाले. मग पिंजऱ्याकडे बघून आणखी एक शब्द खर्च केला. "सांभाळ."

"जा तुम्ही. मी आहे ना."

आणि बाईंनी पदभार घेतला. पिंजरे फिनेलनं धुतले, पाण्याची भांडी भरली, एका बोकडासारख्या दिसणाऱ्या कुत्र्याच्या पायाची पट्टी बदलली, बाईसाहेबांच्या कानात थेंब घालताना मनगटावर तीन ओरखडे घेतले. कामात बाईंना कुणी नावं ठेवू शकलं नसतं. मग हमाल बोलावले आणि हिरव्या फितीचा सगळा माल ओळीनं धक्क्यावर लावला: कप्तानाचा कुत्रा, बेकरीवालीची शेळी, हेडमास्तरांचा पोपट आणि टोपलीत बाईसाहेब.

क्षणभर बाईंना शंका आली. नाही असं नाही. ही तर सगळी ओळखीची मंडळी. शेळी कालपर्यंत बेकरीच्या मागे बांधलेली असायची. पण कदाचित बेकरीवालीला ती झेपत नसेल. बाईसाहेबांचं म्हणाल तर कान मोठ्या डॉक्टरांना दाखवायचा असेल. धक्क्यावर आयुष्य काढलेलं माणूस मालाला "तू का चाललास?" असं विचारत नाही. हिरवी फीत आहे ना? चढव.

बोटीचा कप्तान शिडीवर उभा होता. आपलाच कुत्रा वर येताना बघून तो म्हणाला, "आज तू पण का रे?" कुत्र्यानं शेपूट हलवली. तो अधूनमधून येतच असे. कप्तानानं त्याला स्वतःच्या हातानं पलीकडे नेलं, स्वतःच्या हातानं, सवयीनं, केंद्राच्या गाडीत इतर पिंजऱ्यांबरोबर उतरवलं, आणि परत येऊन घराच्या दारात शीळ घातली. कुत्रा आला नाही. पुन्हा घातली. मग तो तसाच, जेवण टाकून, कारखान्याकडे धावत सुटला.

तिथे गर्दी जमायला वेळ लागला नाही. आत लाल फितीची सगळी कुत्रीमांजरं पलीकडे जायची म्हणून तयार होऊन बसली होती, आणि बाहेर बेट उभं होतं.

"माझी शेळी!" बेकरीवाली म्हणाली. "तिला फक्त खूर कापायला आणली होती हो!"

"माझा पोपट!" हेडमास्तर म्हणाले. "नखांसाठी दिला होता! आणि बाई, मी म्हणालो होतो, आधी जड!"

"आधी जडच चढवली," धक्केबाई म्हणाल्या. "शेळी पहिली."

उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. कप्तानानं दोन फिती दोन हातांत धरून गर्दीला समजावलं, मग गर्दीनं कप्तानाला समजावलं, मग दोन गट पडले. एका गटाचं म्हणणं, जगात सगळीकडे हिरवा म्हणजे 'जा'. दुसऱ्याचं म्हणणं, हिरवा म्हणजे सगळं ठीक, आणि सगळं ठीक असेल तर माणूस जाईल कशाला? वाद रंगात आला तसे लोक जनावरं विसरत चालले होते आणि धक्केबाईंना जरा धीर येत होता. तेवढ्यात घड्याळजी आले.

ते सरळ आत शिरले. बाईसाहेबांच्या रिकाम्या पिंजऱ्यापाशी गेले. उशी तिथेच राहिली होती. ती उचलली, झटकली, काखेत धरली आणि निघून गेले. गर्दीनं त्यांना वाट करून दिली, जसं दुखवट्याच्या घरात करतात.

"बाकीचं मी समजू शकते हो, बाई," बेकरीवाली हळूच म्हणाली. "पण मांजराचं... म्हणजे तुम्ही म्हणतच होतात."

"मी रोजच म्हणते!"

"तेच तर."

"अहो, मुद्दाम करायचं असतं तर मी सांगत फिरले असते का?"

यावर बेकरीवालीनं हेडमास्तरांकडे बघितलं. हेडमास्तरांनी आभाळाकडे बघितलं.

घरी आल्यावर धक्केबाईंनी पानं वाढली. दुकानातली सगळी घड्याळं टिकटिक करत होती, प्रत्येक आपापल्या मतानं. बाईंना वाटलं, यांनी ओरडावं. ताट सरकवावं. एकदा तोंडावर म्हणावं, तू मुद्दाम केलंस. म्हणजे मग 'नाही' तरी म्हणता येईल. अख्ख्या बेटानं काय समजायचं ते समजावं. पण या माणसानं एवढं एक समजू नये, असं त्यांना वाटत होतं, आणि इतकं वाटत होतं याचाच त्यांना राग येत होता.

घड्याळजी म्हणाले, "मीठ दे."

दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं धक्केबाई निघाल्या. बरोबर लाल फितीचा सगळा माल, कारण त्याचं तरी मार्गी लागायला हवं होतं. दुकानाच्या दारातून वळून त्या म्हणाल्या, "येते. घेऊन येते तिला."

"हं," घड्याळजी म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ लावण्यात बाईंची सगळी समुद्रसफर गेली. लागला नाही.

पलीकडच्या केंद्रात पोचल्यावर त्यांना आधी अंगणात एक सभ्य म्हातारं जोडपं दिसलं. ते बेकरीवालीच्या शेळीला गळ्यात पट्टा बांधून फिरवत होतं. त्यांनी म्हातारं, शांत कुत्रं मागितलं होतं. त्यांच्या हातात ही आली. सभ्य माणसं, काही बोलली नाहीत.

"फार गुणी आहे," म्हातारे गृहस्थ म्हणाले. "फक्त बस म्हटलं की बसत नाही."

बाईंनी शेळी ताब्यात घेतली आणि लाल फितीतलं एक म्हातारं कुत्रं त्यांच्या स्वाधीन केलं. त्यानं एकदा दोघांकडे बघितलं आणि कुणी न सांगता खाली बसलं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणीच आलं. कप्तानाचा कुत्रा सापडला. पोपट कुत्र्यांच्या खोलीत टांगलेला सापडला. राहिली बाईसाहेब.

केंद्रात देखरेखीला एक धिप्पाड बाई होत्या, हातात कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे. त्यांनी मांजरांच्या खोलीचं दार उघडलं. आत तीन राखाडी मांजरं.

"यातली तुमची कोणती?"

"जी आमच्या बोटीतून आली ती."

"ते आम्ही वेगळं ठेवत नाही," हातमोजेवाल्या बाई म्हणाल्या. "टोपल्या आल्या की सगळ्या या खोलीत आणून उघडायच्या. एकदा दार लागलं की सगळी सारखी. भेदभाव नाही."

"आणि फीत?"

"फिती आम्ही काढून टाकतो. मांजरं चावून गिळतात. तुमच्या मांजराची काही खूण?"

धक्केबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. खूण? राखाडी. चार पाय. कान वाहायचा, पण कोणता? डोळे कसे? नाक काळं की गुलाबी? इतकी वर्षं एका छताखाली काढली आणि त्या मांजराचं तोंड त्यांना आठवेना. आठवणार कसं? तिनं कधी दाखवलंच नव्हतं. बाईंना बाईसाहेबांची फक्त पाठ ओळखीची होती.

"जरा सगळ्यांना वळवता का?" त्या म्हणाल्या.

"काय करू?"

"पाठीमागून बघायचंय."

हातमोजेवाल्या बाईंनी नोकरीत बरंच काही पाहिलेलं असावं. त्या काही न विचारता एकेक मांजर उचलून वळवू लागल्या. पहिलं वळवल्यावर पुन्हा फिरून समोर आलं. दुसरं जागचं हललंच नाही. तिसरीनं मात्र धक्केबाईंकडे एकदा वरून खालपर्यंत पाहिलं, पाठ वळवली, शेपटी उभारली आणि भिंतीकडे चालती झाली.

"हीच!" धक्केबाई ओरडल्या. "देवा, हीच!"

असा अपमान त्यांचा जगात दुसऱ्या कुणी केला नव्हता. त्यांनी टोपली पुढे केली.

परतीची बोट सकाळची, म्हणून रात्र केंद्रातच काढली. आता फक्त परत यायचं होतं. बंदराच्या खिडकीत एक कारकून बसला होता. त्यानं शेळीकडे, कुत्र्याकडे, पिंजऱ्याकडे आणि टोपलीकडे बघितलं.

"बेटावर जनावर न्यायला परवाना लागतो."

"नवी नाहीत हो. आमचीच आहेत. परवा चुकून इकडे आली."

"आली ना? मग आता इथली झाली."

"येताना कुठे परवाना लागला?"

"येताना लागत नाही. जाताना लागतो."

"पण आमच्या हिशेबानं ती आता येतायत!"

कारकुनानं खिडकीतून समुद्राकडे बघून खात्री केली. "बाई, या बाजूनं बघितलं तर जातायत."

"बरं. परवाना कुणाचा?"

"बेटावरच्या जनावरांच्या डॉक्टरांचा."

"त्या इथेच आल्यात. बहिणीकडे. आत्ता घेऊन येते सही."

"इथे आल्यात?" कारकून हळहळला. "मग नाही चालणार. बेटावरच्या डॉक्टर बेटावर असायला हव्यात."

धक्केबाईंनी शेळीची दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि खूप दिवसांनी त्यांची उजवी भुवई वर गेली. "असं करा. जनावरं विसरा. हा माल आहे. चुकून गेलेला माल. चुकून गेलेल्या मालाला परतताना परवाना लागत नाही. जसा गेला तसा आला म्हणजे झालं. हा नियम तुमच्या जन्माआधीचा आहे, आणि मी तो तुमच्याआधीच्या साहेबांना शिकवलाय."

कारकून विचारात पडला. नियम त्याला आवडला, हे दिसत होतं. "जसा गेला तसाच आहे ना पण सगळा माल? काही बदल?"

"काही नाही."

"भो," पोपट म्हणाला.

कारकुनानं वाकून पिंजऱ्यात बघितलं. "भो, भो," पोपट त्याला म्हणाला. दोन रात्री कुत्र्यांच्या खोलीत काढल्याचा परिणाम.

"हा पोपट आधीपासून भुंकतो?"

"लहानपणापासून," धक्केबाई म्हणाल्या.

बेटाच्या धक्क्यावर बोट लागली तेव्हा सगळे जमले होते. कप्तानाच्या कुत्र्याला लोकांनी कडकडून मिठ्या मारल्या, त्यात त्याचे तिन्ही मालक होते. हेडमास्तरांनी पोपटाला हाक मारली, पोपट भुंकला, आणि हेडमास्तरांनी पिंजरा आपलाच आहे ना, हे उलटसुलट करून पाहिलं. बेकरीवालीनं शेळीच्या गळ्यातला नवा पट्टा बघितला आणि तो काढायचा की ठेवायचा या विचारात पडली. मग ती धक्केबाईंच्या कानाशी लागली.

"बाई, तुमच्या घरचं काही खरं नाही हो. तुम्ही गेलात त्या संध्याकाळपासून दुकान बंद. फळ्या लावून आत बसलेत. मी दार वाजवलं तर उघडलं नाही."

"काही बोलले?"

"काही नाही. दूध तेवढं आत घेतलं."

धक्केबाईंनी टोपली घट्ट धरली. गर्दीच्या अगदी मागे घड्याळजी उभे होते. दाढी वाढलेली. बाई टोपली घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. सगळा धक्का त्यांच्याकडे वळला. बेटावर बघण्यासारखं फार काही घडत नाही, त्यामुळे जे घडतं ते नीट बघतात.

घड्याळजींनी टोपलीचं झाकण उचललं. घड्याळ उघडल्यावर करतात तशी मान वाकडी करून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बायकोकडे बघितलं. तिचा वाऱ्यानं विस्कटलेला अंबाडा, मनगटावरचे ओरखडे, चपलेवर शेळीनं केलेला पराक्रम, सगळं एकेक करून बघितलं.

"हीच," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. हेडमास्तरांनी मुक्या प्राण्यांच्या निष्ठेवर चार शब्द बोलायला सुरुवात केली, पण पोपटानं त्यांना बोलू दिलं नाही. "मी म्हणालेच होते, बाई मुद्दाम करणाऱ्यातल्या नाहीत," बेकरीवाली सगळ्यांना सांगत सुटली.

घराशी आल्यावर घड्याळजींनी दुकानाची एकच फळी काढली, बायकोला टोपलीसकट आत ओढलं आणि फळी परत लावली. आत अंधूक उजेड. काचेमागे, घड्याळांच्या मधोमध, त्या उशीवर एक राखाडी मांजर बसली होती. तिनं धक्केबाईंकडे बघितलं आणि पाठ वळवली.

धक्केबाईंनी हातातल्या टोपलीकडे बघितलं. मग काचेकडे. मग पुन्हा टोपलीकडे.

"ही कोण?"

"बाईसाहेब."

"मग ही?"

"ते मी काय सांगू? तू आणलीस."

बाई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. टोपलीतली मांजर स्वतःच झाकण उचलून बाहेर आली. तिच्या हनुवटीवर पांढरा ठिपका होता, दूध पिऊन पुसायचं राहिल्यासारखा. बाईसाहेबांच्या हनुवटीवर नव्हता. आता दोघी समोरासमोर असताना तर आंधळ्यालाही कळलं असतं.

"ही कधी आली?"

"तू गेलीस त्या संध्याकाळी. मागच्या खिडकीतून. अंगभर दोरखंडाचा भुगा. धक्क्यावरच लपून होती."

"पण टोपलीची गाठ मी स्वतः मारली होती!"

"गाठ चांगली होती. बिजागरी गेलीय." घड्याळजींनी चष्मा काढून पुसला. "दुरुस्त करायची राहिली माझ्याकडून."

"म्हणजे ती पलीकडे गेलीच नाही? मी रिकामी टोपली चढवली?" बाईंचा आवाज चढला. "आणि तुम्ही तिथे, सगळ्यांसमोर, 'हीच' म्हणालात?"

"लोक होते एवढे."

"खोटं बोललात!"

"हं."

"आणि दुकान? दुकान का बंद?"

घड्याळजींनी एक घड्याळ उगाच हातात घेतलं, कानाला लावलं, खाली ठेवलं. मग ते इतकं बोलले, की एवढं ते लग्न ठरवतानाही बोलले नव्हते.

"उघडलं असतं तर ही काचेत बसली असती. सगळ्यांनी बघितली असती. मांजर घरात आणि बाई बोटीत, म्हणून हसले असते. तू तिकडे धावपळ करणार आणि इथे हे हसणार. म्हणून नाही उघडलं."

दुकानात टिकटिक चालू होती. नव्या मांजरीनं सगळ्या खोलीचा वास घेतला आणि ती एका मोठ्या उघड्या घड्याळाच्या लाकडी पेटीत शिरून तिथल्या चिंध्या पायानं गोळा करू लागली.

"एक विचारू?" धक्केबाई स्टुलावरूनच म्हणाल्या, दुसरीकडे बघत. "तुम्हाला वाटलं ना, मी मुद्दाम केलं?"

"मुद्दाम?" घड्याळजींना खरोखरच कळेना. "मुद्दाम केलं असतंस तर ती पलीकडे पोचली असती की."

बाईंनी नाक पुसायला रुमाल शोधला. सापडला नाही, म्हणून घड्याळं पुसायचा फडका घेतला. तोंडाला तेल लागलं. घड्याळजी पेटीपाशी वाकले होते. त्यांनी नव्या मांजरीच्या पोटावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मान डोलावली.

"काय झालं?"

"हिला पिल्लं होणार आहेत."

"अरे देवा! अहो, लोक काय म्हणतील? दोन दिवस पलीकडे गेली आणि..."

तेवढ्यात बाहेरून फळी वाजली. "बाई! ओ बाई!" बेकरीवालीचा आवाज. "पाव आणलेत. मांजर रुळली का हो? बघू तरी द्या! मास्तर पण आलेत!"

धक्केबाईंनी आयुष्यात कुठलाही माल कधी लपवला नव्हता. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. आणि ज्यांनी बंद दारातून कधी कुणाला उत्तर दिलं नव्हतं, ते घड्याळजी चक्क ओरडले.

"रुळली! हवापालट फार मानवला तिला!"

मग ते फळी काढायला निघाले. नवी पेटीतून हलणार नव्हती, आणि लोकांना मांजर एकच दिसायला हवी होती. बाई उठल्या. काचेपाशी गेल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बाईसाहेबांना दोन्ही हातांनी उचललं आणि अंगावरच्या शालीखाली घेतलं. शालीखालून आवाज येऊ लागला, पोटातून येणारा, सलग. तो लाडाचा की रागाचा, हे काही केल्या त्यांना कळेना. पण फळी निघाली होती, उजेड आत आला होता, आणि बेकरीवाली विचारत होती, "बाई, तुम्ही अशा घट्ट का उभ्या?"

"थंडी," धक्केबाई म्हणाल्या, आणि शाल आणखी जवळ ओढली.